गंजलेली ‘मसल कार’ विकत घेताना

अमेरिकेत एखाद्या शेतावरच्या कोठारात, घरामागच्या शेडमध्ये किंवा उघड्यावर झाडाखाली वीस-तीस वर्षे पडून राहिलेली साठच्या दशकातील ‘मसल कार’ आजही अधूनमधून विक्रीला निघते. चाकांतली हवा गेलेली, काचांवर धुळीचा थर, आसनांत उंदरांनी केलेली घरे. परंतु बॉनेट उघडले की आठ सिलिंडरचे अवाढव्य इंजिन दिसते आणि गिऱ्हाईक विरघळते. अशी गाडी घेऊन तिला पूर्वीचे रूप देण्याचा छंद तिकडे चांगलाच रुजलेला आहे. मात्र हौसेने घेतलेल्या अशा गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांचे काम अर्ध्यावरच थांबते आणि सुट्या भागांनी भरलेल्या खोक्यांसह त्या पुन्हा बाजारात येतात. त्यात घरातील बचत अडकते ती वेगळीच. या अपयशाचे मूळ बहुधा कारागिरीत नसते. ते खरेदीच्या दिवशीच रुजलेले असते. गिऱ्हाईक इंजिन पाहते आणि पाहायला हवे असतात ते कागद आणि पत्रा.

मसल कार या नावाला कोणतीही कायदेशीर व्याख्या नाही. ढोबळमानाने, मध्यम आकाराच्या आणि सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या दोन दारी गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवले की मसल कार तयार होते. या प्रकाराची सुरुवात सामान्यतः १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून मानली जाते. जनरल मोटर्सने त्या काळी मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवण्यास आपल्या विभागांना मनाई केली होती. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न ठेवता ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या गाडीवर सुमारे २९६ डॉलर जादा मोजून घेता येणारा पर्याय म्हणून ते सादर झाले. नव्या मॉडेलला लागणारी वरिष्ठांची मंजुरी त्यामुळे टळली. इंजिन होते ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे आणि ३२५ अश्वशक्तीचे. (गाडीच्या बाजूवरील बिल्ल्यावर मात्र ‘६.५ लिटर’ असे कोरलेले असे. जाहिरात खात्याचे गणित सगळीकडे सारखेच!) नावही फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून उचललेले.

पहिल्या वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या. १९६६ मध्ये हा आकडा ९६,९४६ वर पोहोचला. मग इतरांनाही जाग आली. प्लिमथची रोड रनर, डॉजची चार्जर, शेव्हरोलेची शेव्हेल एसएस या गाड्या याच लाटेतल्या. ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ (२००१) या चित्रपटातील काळी चार्जर किंवा ‘ट्रिपल एक्स’ (२००२) मधील १९६७ ची जीटीओ आपल्याकडील प्रेक्षकांनीही पाहिलेली आहे. फोर्डची मस्टँग ही काटेकोर अर्थाने आकाराने लहान अशा ‘पोनी कार’ वर्गातली, परंतु बाजार दोन्हींना एकाच नजरेने पाहतो.

हे पर्व दहा वर्षांतच आटोपले. तरुण चालकांसाठी विम्याचे हप्ते भरमसाट वाढले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुराड्यावर बंधने आली, १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून इंजिनांचे कॉम्प्रेशन घटवले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट उभे राहिले. १९७४ मध्ये जीटीओची विक्री ७,०५८ वर आली आणि ते नाव बंद झाले. पुढे पॉन्टिअॅक हा विभागच २०१० मध्ये इतिहासजमा झाला. तेलटंचाईच्या त्या वर्षांत या गाड्यांना दुसऱ्या-तिसऱ्या हाताला कवडीमोल भाव होता. क्लच गेला, गिअरबॉक्स बिघडला, की दुरुस्तीपेक्षा गाडी मागच्या अंगणात ढकलून देणे स्वस्त पडे. आज ‘कोठारात सापडलेली’ म्हणून जिचे कौतुक होते, ती गाडी बहुधा अशीच कोणी तरी टाकून दिलेली असते. ती का थांबली होती, हा म्हणूनच विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न.

आधी कागद, मग गाडी

अमेरिकेत गाडीच्या मालकीचा ‘टायटल’ नावाचा दाखला राज्य सरकार देते. दीर्घकाळ पडून असलेल्या गाडीचा हा दाखला हरवलेला असणे, तो मृत नातेवाइकाच्या नावावर असणे किंवा मधल्या एका खरेदीदाराने तो स्वतःच्या नावावर करूनच न घेतलेला असणे, हे नित्याचे आहे. ‘कागद घरात कुठे तरी असतील’ या आश्वासनावर पैसे मोजू नयेत. दाखल्यावर कर्जाचा बोजा आहे का, अपघातात मोडीत निघाल्याचा शेरा आहे का, हे पाहावे लागते. नियम राज्यागणिक बदलतात. उदाहरणार्थ, न्यूयॉर्क राज्य १९७२ आणि त्यापूर्वीच्या गाड्यांना टायटल देतच नाही. तिथे हस्तांतरित करता येणारे नोंदणीपत्रच मालकीचा पुरावा ठरते. खरेदीदार दुसऱ्या राज्यातला असेल तर आपल्या राज्यातील कार्यालय हा कागद स्वीकारील का, याची चौकशी आधीच करणे शहाणपणाचे.

दाखल्यावरील वाहन क्रमांक आणि गाडीवरील पट्टीचा क्रमांक जुळलाच पाहिजे. १९६८ च्या मॉडेलपासून ही पट्टी समोरच्या काचेतून बाहेरून दिसते. त्याआधीच्या जीटीओवर ती चालकाच्या दाराच्या बिजागरीजवळील खांबावर असते. पट्टीचे रिव्हेट उचकटलेले दिसले, भोवतीचा रंग वेगळा वाटला, तर तिथूनच परत फिरावे. चोरीची गाडी दुसऱ्या भंगार गाडीच्या पट्टीवर ‘स्वच्छ’ करून विकण्याचा धंदा जुना आहे. क्रमांकात फेरफार करणे हा तिकडे फेडरल गुन्हा आहे आणि अशी गाडी जप्त झाली तर घातलेले पैसेही तिच्यासोबत जातात.

खरी जीटीओ कोणती?

गाडी चोरीची नसली तरी ती जी म्हणून विकली जात आहे तीच असेल, असे नाही. जीटीओचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हा केवळ एक पर्याय होता. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाड्यांचा वाहन क्रमांक साध्या ल मान्सचाच असतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाले आणि १९७१ पर्यंत तिचे क्रमांक ‘२४२’ या अंकांनी सुरू झाले. म्हणजे १९६६ ची गाडी जीटीओ म्हणून दाखवली जात असेल आणि क्रमांक २४२ ने सुरू होत नसेल, तर ती बिल्ले बदललेली ल मान्स किंवा टेम्पेस्ट आहे. १९७२ मध्ये जीटीओ पुन्हा पर्याय झाली.

इंजिनावरून ओळखू म्हणावे, तर तिथेही पॉन्टिअॅकने अडचण करून ठेवली आहे. त्या काळातील या कंपनीची ३२६, ३५०, ३८९, ४००, ४५५ घनइंचांची सर्व आठ सिलिंडरी इंजिने बाहेरून एकाच मापाची दिसतात. ल मान्समधील ३२६ चे इंजिन जीटीओच्या ३८९ म्हणून रंगवून पुढे केले तर अनुभवी माणूसही नुसत्या नजरेने फसू शकतो. इंजिनाच्या पुढच्या अंगाला उजव्या बाजूस ठोकलेला दोन अक्षरी संकेत आणि ओतीव भागावरील क्रमांक व तारीख तपासूनच खात्री करता येते. १९६८ पासून इंजिनावर वाहन क्रमांकाचा काही भागही ठोकला जाऊ लागला. गाडी आणि इंजिन कारखान्यातून एकत्रच बाहेर पडले का, हे त्यावरून कळते. बाजारात ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणून ज्याचे एवढे महत्त्व सांगितले जाते ते हेच.

सुदैवाने पॉन्टिअॅकच्या मूळ बिलांच्या नोंदी शिल्लक आहेत. ‘पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’ ही संस्था शुल्क घेऊन वाहन क्रमांकावरून त्या गाडीच्या मूळ बिलाची प्रत देते. कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणता रंग, सारे त्यात असते. १९६४-६५ च्या गाडीसाठी हा कागद हाती आल्याखेरीज जीटीओची किंमत मोजू नये. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी ‘मार्टी रिपोर्ट’ हे काम करतो. क्रायस्लर गटाच्या गाड्यांत जुळणीच्या वेळी कामगारांनी वापरलेला कागद कधी कधी आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. जुनी आसने फेकण्यापूर्वी म्हणूनच ती उसवून पाहावीत. शेव्हरोलेच्या बाबतीत मात्र अमेरिकेत अशी सोय जवळपास नाही आणि नकली ‘एसएस’ शेव्हेल बाजारात मोठ्या प्रमाणावर का आहेत, याचे उत्तर इथेच मिळते.

नकली गाडी घेऊच नये असे मुळीच नाही. ल मान्सपासून बनवलेली जीटीओ ही उघडपणे तशी सांगून, त्या किमतीला विकली जात असेल तर ज्याला केवळ चालवायची आहे त्याच्यासाठी ती उलट चांगली खरेदी आहे. प्रश्न फक्त कोणत्या गाडीचे पैसे मोजले याचा आहे.

चुंबक आणि टॉर्च

यानंतर पत्रा. इथे घाई करणारा हमखास पस्तावतो. मिशिगन, ओहायो आदी उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलासोबत गाडीच्या पोटात जाऊन बसते. (कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांना याची कल्पना वेगळी द्यायला नको.) ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातील गाडीचा पत्रा बहुधा शाबूत असतो, उन्हाने रबर, डॅशबोर्ड आणि आसने मात्र तडकलेली असतात. या दोहोंत निवड करायची झाली तर ॲरिझोनाची गाडी डोळे मिटून घ्यावी, कारण आसने नवी मिळतात, गाडीचा सरळ सांगाडा सहजी मिळत नाही.

जीटीओला स्वतंत्र चासी आहे आणि त्यावर बॉडी बोल्टने बसवलेली आहे. चासीचा मागच्या ॲक्सलवरून वर उचललेला भाग हा तिचा नाजूक अवयव. आतून कुजला तरी बाहेरून धड दिसतो. हातोडीने हलके ठोकले असता खणखणीत आवाज यावा, बद्द येऊ नये. डिकीचा तळ, चालकाच्या पायाखालचा पत्रा, मागच्या चाकामागील खालचा कोपरा आणि मागच्या काचेखालची पट्टी ही गंजाची ठरलेली ठिकाणे. छतावर रेक्झिनसारखे विनाइलचे आवरण असेल तर काचेजवळ ते फुगले आहे का पाहावे. त्याखाली पाणी मुरून पत्र्याची चाळण झालेली असते. सतरंज्या उचलायला लावाव्यात. विक्रेता नको म्हणाला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

एका पातळ कापडात गुंडाळलेला साधा चुंबक या तपासणीत फार उपयोगी पडतो. पत्र्यावर तो चिकटतो, पुट्टीवर चिकटत नाही. ज्या कोपऱ्यात चुंबक गळून पडतो तिथे रंगाखाली कुजलेला पत्रा पुट्टीने बुजवलेला आहे. दारे उघडून-मिटून पाहावीत. फट वर एक आणि खाली एक अशी दिसत असेल, दार उचलून लावावे लागत असेल, तर बॉडी वाकली आहे. उघड्या टपाच्या गाडीत हे अधिक बारकाईने पाहावे, कारण तिला छताचा आधार नसतो आणि पाणीही अधिक शिरते. मस्टँग किंवा चार्जर यांना वेगळी चासी नाही. त्यांचा पत्राच सांगाड्याचे काम करतो. म्हणून त्यांच्या पोटातील गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसून गाडीच्या ताकदीचा प्रश्न असतो.

पत्र्याच्या कामाचा खर्च तासांवर मोजला जातो आणि संपूर्ण गाडी सुटी करून पूर्ववत करायची तर एकूण काम हजार तासांच्या घरात सहज जाते. मजुरी महाग असलेल्या देशात याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

इंजिन आणि ब्रेक

इंजिनाला शेवटचा क्रमांक देण्याचे कारण सोपे आहे. आठ सिलिंडरचे हे इंजिन रचनेने साधे असून त्याचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आजही मिळतात. जाम झालेले इंजिन हे किंमत पाडून घेण्याचे निमित्त समजावे, घाबरण्याचे नव्हे. अपवाद एकच. थंड प्रदेशात गोठणरोधक द्रव न घालता गाडी उभी ठेवली असेल तर आतले पाणी गोठून इंजिनाचा ओतीव भाग तडकलेला असू शकतो. ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस दिसला तर ही शंका घ्यावी.

विक्रेता बॅटरी जोडून ‘सुरू करून दाखवतो’ म्हणाला तर त्याला थांबवावे. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या सिलिंडरमध्ये गंजाचे कण असतात आणि टाकीतील पेट्रोलचा डिंक झालेला असतो. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, ते एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग मोठ्या पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहावे. गाडीतील उंदरांची घाण कोरडी झाडू नये. अमेरिकेच्या काही भागांत तिच्यातून हंटाव्हायरसचा संसर्ग होतो. ती आधी जंतुनाशकाने भिजवून मगच पुसून काढावी. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असते, त्यामुळे ब्रेकवरील धूळही हवेच्या झोताने उडवू नये.

१९६४ ते १९६६ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच होता. एक नळी फुटली की चारही ब्रेक निकामी. दुहेरी मार्गाची व्यवस्था १९६७ च्या मॉडेलपासून आली. ३२५ अश्वशक्तीची गाडी अशा ब्रेकवर आजच्या महामार्गावर नेणे धोक्याचे आहे. मूळ स्वरूप जपणाऱ्यांना हे रुचत नाही. तरीही दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवावेत आणि मूळ भाग नावाची चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेवावेत, असेच म्हणावे लागेल. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या खाते, म्हणून त्या सगळ्याच बदलाव्यात.

हरवलेले भाग आणि खर्च

पडीक गाडी अपूर्ण असते. काय आहे यापेक्षा काय नाही, याची यादी करणे महत्त्वाचे. जीटीओचे बरेच पत्रे, गालिचे, रबर, काचा नव्याने बनवलेल्या मिळतात. मस्टँगची तर अख्खी नवी बॉडी विकत मिळते. पण १९६६ पर्यंत ‘ट्राय-पॉवर’ म्हणून मिळणारा तीन कार्ब्युरेटरांचा मूळ संच, विशिष्ट वर्षाची जाळी, दिव्यांच्या चौकटी, आतील धातूच्या पट्ट्या अशा वस्तूंसाठी वर्षभर शोध घ्यावा लागतो. पूर्ण पण गंजकट दिसणारी गाडी आणि चकचकीत रंगाची पण निम्मे भाग गायब असलेली गाडी, यांत पहिली श्रेष्ठ. ताजा रंग तर संशयास्पदच. विकण्यापूर्वी घाईने मारलेला रंग बहुधा पुट्टी झाकण्यासाठी असतो.

टीव्हीवरील ‘ओव्हरहॉलिन’सारख्या कार्यक्रमांनी आठवड्याभरात गाडी नवी करून दाखवली आणि प्रेक्षकांचा समज बिघडवला. तिथे कारागिरांचा ताफा असतो. घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार काम करणाऱ्याची गाडी दोन ते पाच वर्षे घेते. पहिल्याच उत्साहात संपूर्ण गाडी सुटी करून टाकणे, ही अर्धवट प्रकल्पांमागची सर्वांत मोठी चूक. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला, हे कोणालाच आठवत नाही. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र, काढल्यावर चिठ्ठी लावलेली पिशवी, ही शिस्त कंटाळवाणी असली तरी टाळता येण्यासारखी नाही. आधी ब्रेक, मग चासी, मग इंजिन आणि वायरिंग, रंग शेवटी, हा क्रम पाळला की गाडी मधल्या काळातही चालती राहते.

नफ्याचा हिशेब मात्र कोणी करू नये. फ्लोरिडातील किसिमी येथील लिलावात जानेवारी २०२० मध्ये ‘बुलिट’ चित्रपटातील १९६८ च्या मस्टँगला ३४ लाख डॉलरची बोली लागली. १९७१ च्या उघड्या टपाच्या ‘हेमी कुडा’ अवघ्या ११ बनल्या आणि त्यांतील एक २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरना गेली. या बातम्यांनी डोळे दिपतात, पण यांतली मस्टँग तर रंगरूपाने जशी होती तशीच, न सजवता विकली गेली होती. सामान्य गाडीच्या बाबतीत पुनर्बांधणीचा खर्च हा तयार गाडीच्या बाजारभावाहून बहुतेक वेळा अधिक होतो. हॅगर्टी या विमा कंपनीच्या दरपत्रकात प्रत्येक मॉडेलच्या चार प्रतींचे भाव असतात. दुसऱ्या प्रतीचा भाव पाहून त्यातून कामाचा अंदाज वजा करावा. उत्तर अनेकदा शून्याखाली येते. ते स्वीकारून ज्याला गाडी हवी आहे त्यानेच पुढे जावे. फक्त चालवण्याची हौस असेल तर कोणी तरी आधीच खर्च करून ठेवलेली, चालती गाडी घेणे स्वस्त पडते.

डेट्रॉइट परिसरातील मोटार उद्योगात मराठी अभियंते बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि मोठ्या गॅरेजची घरे असल्याने असा छंद त्यांच्या आवाक्यातला आहे. त्यांपैकी कोणी अशी गाडी कधी काळी मायदेशी आणण्याचे मनात योजत असेल, तर आयातीचे त्या वेळचे नियम व कर आधी तपासावेतच; शिवाय येथील नोंदणीची एक अटही ध्यानात ठेवावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे टिकते. नूतनीकरणाला ५ हजार रुपये पडतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. आणि ती मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, असे नियम सांगतो. जीटीओत नवे इंजिन टाकण्याचा बेत करणाऱ्याने जुने इंजिन भंगारात देण्यापूर्वी हा नियम वाचून घ्यावा.